भारकेंद्र पाचशे मिलिमीटर

सोमवार, ३

मालकांनी सकाळी वर बोलावलं आणि टेबलावर कागदांचा एक गठ्ठा टाकला.

"शास्त्रीबुवा, वाचा."

"काय आहे?"

"फोर्कलिफ्ट. बॅटरीवरचे. पाच कंपन्यांची माहितीपत्रकं. एक ठरवा."

"मी?"

"तुम्हाला वाचता येतं ना?"

येतं. ऐन तारुण्यातली सहा वर्षं संस्कृत वाचण्यात घालवली, पुढे शाळेत ते शिकवलं, आणि शाळेने तो विषयच बंद केल्यावर या दारांच्या गोदामात पत्रव्यवहार बघायला लागलो. एकोणीस वर्षं 'कळविण्यात येते की' लिहितो आहे. खालच्या मजल्यावर दारं चढतात, उतरतात; मी वरच्या काचेतून बघतो. फोर्कलिफ्टशी माझा संबंध एवढाच.

आमचं जुनं डिझेलचं मशीन मागच्या आठवड्यात गेलं. मेकॅनिकने बाहेर येऊन डॉक्टर हलवतात तशी मान हलवली. सध्या भाड्याचं एक आणलंय. महिनाअखेरपर्यंत नवं ठरलं नाही, तर मालचढाईचं सगळं काम ठेकेदाराकडे जाणार. त्याची मशीनं, त्याचीच माणसं.

"मग आपल्या चालकबाई?" मी विचारलं.

"त्यांचं बघू."

मालकांच्या शब्दकोशात 'बघू' म्हणजे 'नाही'. चालकबाईंचं आणि माझं बोलणं नाही फारसं. माणूसधर्म म्हणून विचारलं.

मंगळवार, ४

पाचही पत्रकं वाचली. काही कळलं नाही. पुन्हा वाचली. आता काय कळलं नाही ते कळलं, ही प्रगती.

रचना मात्र मोठी मोहक आहे. एकही क्रियापद नाही. 'उचल क्षमता: १५००. मास्टची बंद उंची: २१५०. वळणत्रिज्या: १८००.' याला म्हणतात सूत्ररूप लेखन! एक अक्षर वाचवल्याचा आनंद पुत्रजन्माइतका मानणारी जुनी वैयाकरण मंडळी मला वाटलं होतं संपली. ती फोर्कलिफ्टच्या कारखान्यात नोकरीला लागली आहेत.

ताईला जेवताना मास्ट म्हणजे काय ते समजावलं. पुढचा उभा खांब, त्यावरून फोर्क वर जातात. फोर्क म्हणजे पुढचे दोन लोखंडी सुळे. ताई म्हणाली, "बरं, आमटी घे." थोरली बहीण आणि वाङ्मय यांचं कधी जमलेलं नाही.

गुरुवार, ६

नाइलाजाने खाली गेलो. दाराची उंची मोजल्याशिवाय मास्टच्या उंचीला अर्थ नाही.

चालकबाई भाड्याच्या मशीनवर बसून डबा खात होत्या. मला बघून घास थांबला. "अगोबाई! वर काच फुटली की काय?"

"नाही. मोजमापासाठी आलोय."

"कुणाच्या?"

"दाराच्या."

"कुठल्या? चार हजार आहेत."

आमच्या गोदामाच्या म्हटल्यावर उतरून त्यांनी टेपचं एक टोक धरलं. आमच्या दाराची उंची दोन मीटर तीस. मास्ट बंद असताना आरामात जाईल. रुंदी मात्र एक मीटर नव्वद. देशभरच्या घरांना आम्ही दारं पुरवतो आणि आमचंच दार अरुंद. भिंत भारवाहक आहे, जागेचा मालक हात लावू देत नाही.

"शास्त्रीबुवा, टेप सोडा आता," त्या म्हणाल्या. मापन संपून बराच वेळ झाला होता म्हणे.

खाली धूळ फार. जुना सदरा घालायला हवा होता, चुकून नवा घातला.

शुक्रवार, ७

आज पुन्हा नवाच घातला. कपाटात वर तोच होता.

शनिवार, ८

आज बॅटरीचं प्रकरण लावलं. व्होल्ट म्हणजे जोर आणि अँपिअर-तास म्हणजे दम, असं मी चालकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मालक नुसते व्होल्ट, आणि तुम्ही नुसते अँपिअर-तास." आणि हसल्या. सुकलेल्या साखळीला तेल मिळाल्यावर मास्ट कसा सरसर वर जातो, तसं ते हसणं वर जातं. पाचही पत्रकांत याचा उल्लेख नाही. त्यांच्या केसांत लाकडाचा भुसा होता. सांगावं की नाही या विचारात चार्जिंगच्या वेळेचा मुद्दा राहूनच गेला, म्हणून दुपारी पुन्हा जावं लागलं.

तांत्रिक नोंदी: एका पॅलेटवर, म्हणजे मालाखालच्या लाकडी चौकटीवर, तीस दारं, एकूण वजन बाराशे किलो. चालकबाईंनी आणखी एक सांगितलं. "आपण पॅलेट अरुंद बाजूने उचलतो हं. लांबी पुढे. आडवं धरलं तर दारातून जातच नाही. ते लिहून घ्या." लिहून घेतलं. पण पत्रकात याला कुठे रकाना नाही, तेव्हा अहवालातून गाळलं.

एका कंपनीच्या विक्रेत्याला फोन केला. गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला 'हो हो' म्हणतात. बाराशे किलो उचलेल? हो हो. आमच्या दारातून जाईल? हो हो. दुपारच्या सुट्टीत चार्ज होईल? हो हो. मी म्हटलं, लेखी द्याल का? तेव्हा लाइन कटली. यांचं नाव मी होहोसाहेब ठेवलंय.

बुधवार, १२

अकरा पानी अहवाल सादर. प्रस्तावना, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निष्कर्ष. मालकांनी शेवटची ओळ वाचली: 'सबब तीन चाकी, दीड टनी मशीन घ्यावं.' दीड टन म्हणजे पंधराशे, आपलं पॅलेट बाराशेचं. तीनशे किलो हातचे. याहून स्वच्छ अनुमान मी आयुष्यात केलेलं नाही.

मालक म्हणाले, "सोमवारी चालवून दाखवायला सांगा."

जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. वय बावन्न. चालकबाईंना म्हटलं, "तुमची जागा पक्की." त्यांनी हातमोजा काढून हात पुढे केला. हस्तांदोलन केलं. हात कोरडा, खरखरीत, उबदार. (नोंद कशासाठी केली ते आठवत नाही.)

घरी ताई म्हणाली, "शीळ काय वाजवतोस?" मी शीळ वाजवत नाही. मला येतच नाही.

सोमवार, १७

लिहायचं धैर्य होत नाही. तरी लिहितो.

मशीन आलं. पिवळं, बुटकं, आवाज असा की गोदामाला वाटावं कुणीतरी सुस्कारा टाकला. सगळे गोळा झाले. चालकबाई वर चढल्या आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "लांबीचं विचारलंत ना?"

मी म्हणालो, "सगळं पाहिलंय."

सगळं पाहिलंय! या दोन शब्दांना कुठलीही टीका लिहिता येणार नाही.

त्यांनी पॅलेट अरुंद बाजूने घेतलं, दारं जमिनीपासून वीतभर उचलली, आणि मशीनची पाठ उठली. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. चालकबाईंनी एका बोटाने फोर्क वर-खाली करायचा दांडा असा काही सोडला, की झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी दारं खाली आली, आणि मागोमाग चाक टेकलं. एकाही दाराला ओरखडा नाही.

मालक म्हणाले, "खेळणं आहे हे."

होहोसाहेब म्हणाले, "हो हो. म्हणजे, नाही. बाईंचा हात बसला नाहीये अजून."

सतरा वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला! त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि नळाकडे गेल्या. मालक मला म्हणाले, "पुढच्या सोमवारी अकराला ठेकेदाराला बोलवा. पत्र टाका."

मी तिथेच उभा होतो. मी बोलायला हवं होतं. काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ते कारण पुरत नाही.

मंगळवार, १८

सापडलं.

'उचल क्षमता: १५००' या ओळीखाली, मुंगीच्या अक्षरात: 'भारकेंद्र ५०० मिमी असता.' म्हणजे फोर्कच्या मुळापासून वजनाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल, तरच पंधराशे. मध्य जितका पुढे, तितकी ताकद कमी. आमची दारं दोन मीटर दहा लांब, आणि लांबी पुढे! त्यांचा मध्य एक मीटर पाच सेंटिमीटरवर. दुपटीहून लांब.

जुनं डिझेल तीन टनी होतं. ते मुकाट्याने सोसत राहिलं, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. आणि चालकबाईंनी ते मला आठ तारखेला सांगितलं होतं. मी म्हटलं, रकाना नाही.

मुलांना आयुष्यभर ओरडून सांगितलं, "नुसतं सूत्र वाचू नका रे गाढवांनो, खालची टीका वाचा!" गाढवं आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत. मास्तर इथे आहे.

पाचही कंपन्यांना पत्रं धाडली. 'भारकेंद्र १०५० मिमी असता, आम्हांस लागणाऱ्या उंचीस, आपले कोणते यंत्र किती भार उचलेल, हे आकड्यांत व लेखी कळवावे. तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.' अक्षर चांगलं आलं.

गुरुवार, २०

चालकबाईंपुढे जाऊन म्हणालो, "चूक माझी आहे."

"ठाऊक आहे."

"तुम्ही मला सांगितलं होतं."

"तेही ठाऊक आहे. मग हे मला कशाला सांगताय? मालकांना सांगा."

"सोमवारी सांगतो. कंपनीची पत्रं हातात आली की. तोवर मला ते नीट समजून घ्यायचंय. आकडे लागले, पण अंगात उतरत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे वाकड्या रचलेल्या पॅलेटकडे बघतात तसं बघितलं. मग तोंडाचा एक कोपरा हलला. "रविवारी सकाळी बागेत या. लहान मुलांच्या. सी-सॉ आहे तिथे."

"माझं वय..."

"लोखंडी आहे. मोडणार नाही."

रविवार, २३

शास्त्रीय प्रयोग यशस्वी. ताईला साक्षीदार म्हणून नेलं होतं. ती शेंगदाण्यांची पुडी घेऊन बाकावर बसली.

चालकबाई आज साडीत होत्या. मी आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि 'नमस्कार' हा शब्द काही क्षण आठवेना.

"तुम्ही मशीन," त्या म्हणाल्या, "मी दारं. बसा टोकाला."

मी फळीच्या एका टोकाला बसलो. त्या दुसऱ्या बाजूला मधल्या खिळीजवळ बसल्या. मी जमिनीवर, त्या अधांतरी. "हे तुमचं पाचशे मिलिमीटर. आता बघा." आणि त्या जराशा मागे सरकल्या. वजन तेच, बाई त्याच, फक्त बूड हातभर सरकलं, आणि मी गेलो वर! चपला सुटून खाली पडल्या. बागेतली चार पोरं टाळ्या वाजवू लागली.

"उतरवा!"

"अंगात उतरलं का आधी ते सांगा."

"उतरलं! मी दीड टनी आहे! मला पुरे!"

"तसं नाही. उपाय काय तो सांगा."

उपाय मला सुचेना, कारण वरून दिसत होत्या त्या फक्त चालकबाई, आणि त्या इतक्या हसत होत्या, की फळी थरथरत होती. तेवढ्यात ताई शेंगदाणे चघळत उठली, माझ्या बाजूची फळी हाताने ओढून खाली आणली आणि मला पुढे सरकवून माझ्या पाठीशी फतकल मारून बसली. ताईचं वजन हा आमच्या घरी चर्चेचा विषय नाही. आमची बाजू जमिनीला टेकली ती टेकलीच. चालकबाई पार टोकापर्यंत सरकल्या, आम्ही हललो नाही.

"हे अडीच टनी," ताई म्हणाली. तिने एकही पत्रक वाचलेलं नाही.

मग चालकबाईंनी वरूनच आणखी एक मुद्दा सांगितला, की लांब मालाला फोर्कही लांब हवेत, नाहीतर दारांची पुढची टोकं लटकतात. वही नव्हती. ताईच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतलं.

परतताना पाय जमिनीवर नीट पडत नव्हते. रिकाम्या पोटी झोके घेतल्याचा परिणाम असावा. ताईला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "हो रे माझ्या राजा, पोटाचाच." आणि घरापर्यंत एकटीच हसत होती. बहिणीचं वयही होत चाललंय.

सोमवार, २४

पावणेअकराला मालकांच्या खोलीत शिरलो. चालकबाईंनाही वर बोलावून घेतलं होतं. सकाळच्या टपालाने एका कंपनीचं उत्तर आलं होतं, आकड्यांत आणि सहीशिक्क्यासह: आमच्या भारकेंद्राला दीड टनी मशीन आठशे ऐंशी किलो उचलेल. अडीच टनी पंधराशे. आमची दारं बाराशे.

मी म्हणालो, "मागच्या सोमवारी मशीन उठलं, ती चूक माझी. बाईंची नाही. त्यांचा हात बसलेला होता, म्हणून तर ती दारं आज विकायला शिल्लक आहेत. आणि त्यांनी मला आधीच सावध केलं होतं."

"कधी?"

"आठ तारखेला."

"लेखी आहे?"

एकोणीस वर्षं मी या माणसाला 'लेखी आहे का' विचारायची सवय लावली. ती आज फळाला आली. मी पिशवीतून ही वही काढली, आठ तारखेचं पान उघडलं आणि पुढे केली.

मालक मोठ्याने वाचायला लागले. मोठ्याने! माझी अपेक्षा होती की ते 'तांत्रिक नोंदी'पासून सुरुवात करतील. पण त्यांनी पान वरून सुरू केलं. 'मालक नुसते व्होल्ट' इथे थबकले. पुढे 'सुकलेल्या साखळीला तेल' इथे त्यांचा आवाज बारीक झाला. 'केसांत लाकडाचा भुसा' इथे त्यांनी चष्मा काढून पुसला. मी छताकडे बघत होतो. छताला सात फळ्या आहेत. चालकबाई कुठे बघत होत्या ते मला माहीत नाही.

अखेर ते 'अरुंद बाजूने उचलतो हं' या वाक्याला पोचले. दोनदा वाचलं. कंपनीचं पत्र वाचलं. मग वही मिटून माझ्या हातात न देता चालकबाईंच्या हातात दिली.

"हं. खरंच लिहिलंय," ते म्हणाले. "बाई, तपासून घ्या. तुमच्याबद्दल आहे बरंचसं."

त्यांनी तिथेच उभ्याने ते पान वाचलं. मग वही मला दिली आणि केसांवरून एकदा हात फिरवला. आज भुसा नव्हता.

मालकांनी ठेकेदाराला फोन करून शुक्रवारनंतर बोलू असं सांगितलं. शुक्रवारी अडीच टनी येतंय, लांब फोर्कसह. त्याने पॅलेट उचललं तर बाईंची जागा राहिली. नाही उचललं, तर शनिवारी ठेकेदार.

शुक्रवार, २८

उचललं!

बाराशे किलो, लांबी पुढे, दारातून बाहेर, रॅम्पवरून ट्रकपाशी, ट्रकच्या उंचीपर्यंत वर. मागची चाकं जमिनीला अशी चिकटून, की ताई बसली आहे असं वाटावं. आवाज नाही, धूर नाही. चालकबाईंनी पॅलेट ट्रकमध्ये ठेवलं, मशीन मागे घेतलं, आणि मोकळ्या फरशीवर एक पूर्ण गोल फिरवून थांबवलं. त्या गोलाची कामासाठी काही गरज नव्हती.

मालक म्हणाले, "घ्या हेच. ठेकेदाराला नकाराचं पत्र टाका." इतकं आनंददायक पत्र मी आजवर लिहिलं नव्हतं. 'खेद वाटतो' हे शब्द लिहिताना शीळ वाजत होती. माझीच होती.

संध्याकाळी चालकबाई जिन्याच्या तळाशी थांबल्या होत्या. "रविवारी बागेत येणार?"

मी म्हणालो, "आता कशाला? भारकेंद्र तर समजलं."

"समजलं?"

"पूर्ण."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवार, २९

ताईला कालचं सांगितलं. तिने पोळी तव्यावर तशीच सोडली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "अरे ठोंब्या! त्या बाईने आठ तारखेचं पान वाचलं, त्यानंतर तुला बागेत बोलावलं, आणि तू तिला भारकेंद्र सांगितलंस?"

पोळी करपली. मी खुर्चीत बसलो. मग मीही आठ तारखेचं पान वाचलं. मग सात तारखेचं. मग सहा.

सदरा चुकून घातला नव्हता.

अशा विषयात अर्थ मूळ ग्रंथकाराच्या आधी टीकाकारांना समजतो, असं दिसतं.

रविवार, ३०

सातलाच बागेत पोचलो. कुणी नव्हतं. मी बोलावलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी असण्याचं कारणही नव्हतं. सी-सॉच्या एका टोकाला बसून राहिलो. एकट्याने बसलं की ते नुसतं बाक असतं.

साडेसातला फाटक वाजलं. चालकबाई. त्याच साडीत.

"तुम्ही येणार नव्हतात," मी म्हणालो.

"तुम्ही येणार नव्हतात. मी तर विचारलं होतं."

त्या समोरच्या टोकाला बसल्या आणि मी वर गेलो. चपला या वेळी आधीच काढून ठेवल्या होत्या. खालून त्या म्हणाल्या, "त्या पानावर लिहिलंय, त्यात काही खोटं आहे?"

"नाही."

"अतिशयोक्ती?"

"साखळीच्या तेलाची उपमा जरा..."

"ती आवडली मला. मग? पुढे काही विचारायचंय का?"

विचारायचं होतं. मी म्हणालो, "विषय मोठा आहे. उद्या सकाळपर्यंत रीतसर पत्राने..."

"शास्त्रीबुवा."

"हं?"

"तोंडी चालेल."

म्हणून मी विचारलं. तसाच वर लटकलेला, पाय अधांतरी, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून. प्रस्तावना नाही, पूर्वपक्ष नाही. एकच वाक्य, क्रियापदासकट.

त्या हसायला लागल्या. फळी थरथरायला लागली.

"हो हो," त्या म्हणाल्या.

लेखी मागितलं नाही.